हात मांडीखाली

…आणि वर मलाच सांगतात, काका, हात मांडीखाली घ्या! म्हणजे बघा, माझी बायको, अर्धांगाचा झटका येऊन गेलेली बाई, भर दिवसा, चौदा लोकांच्या देखत फरशीवर आडवी, आणि मी, तिचा लग्नाचा नवरा, तीन पावलांवर एका बाकड्यावर, स्वतःच्या तळहातांवर बसलेला… नाही, हसा तुम्ही, तुमचं काय जातंय, पण मला एवढंच सांगा, धक्का बसेल की नाही माणसाला?

थांबा, मी मधूनच सुरू झालो. पहिल्यापासून सांगतो.

मी सामान हलवणारा माणूस. छत्तीस वर्षं लोकांची बिऱ्हाडं या घरातून त्या घरात नेतोय, हाताखाली सहा माणसं, सगळे मला मुकादम म्हणतात, बायकोसुद्धा रागावली की मुकादमच म्हणते. कपाटं, आरसे, शिवणयंत्रं, एकदा तर पियानो, तो जिन्याच्या वळणावर अडकला आणि मालकीणबाई रडायला लागल्या, मी म्हटलं, बाई, रडू नका, तुम्ही रडलात म्हणून तो काही हलायचा नाही… पण ते राहू द्या, पियानोचं परत कधीतरी. सांगायचा मुद्दा काय, की छत्तीस वर्षांत माझ्या हातून एक आरसा तडकलेला नाही. उचलायचं कसं, धरायचं कुठे, वजन कुठल्या बाजूला झुकणार, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी समजत होतो.

तर दोन वर्षांपूर्वी आमच्या हिला झटका आला. ही शाळेत भूगोल शिकवायची. पन्नास पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी बाई. एक दिवस सकाळी पेल्यात पाणी ओतलं, पेला उचलला आणि तो हातातून सुटला, आणि ही त्या पेल्याकडे बघतच राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातातून पडलाय. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ मात्र शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले, आनंदाची बातमी म्हणून म्हणाले, आणि मीही ती आनंदाचीच बातमी मानतो. बहुतेक वेळा.

घरी आणलं. आता सामान हलवणारा माणूस अशा वेळी काय करणार? सामान हलवलं! चार दिवसांत बाहेरची खोली रिकामी. सोफा गेला, टीपॉय गेलं, पुस्तकांची मांडणी गेली, हिची वह्या तपासायची खुर्ची गेली, सगळं गोदामात. का? अहो, अडखळली तर? डोकं आपटलं तर? दारांच्या चौकटींना फोम, भिंतींच्या कोपऱ्यांना ब्लँकेटं, दोरीनं आवळून, आरसा बांधतो तशी. लेक बघायला आली, दारातच थबकली, म्हणाली, ‘बाबा, आपण घर सोडतोय का?’ म्हटलं, नाही गं बाळा, तुझी आई राहायला आलीये.

आणि उचलाउचल सगळी माझ्याकडे. तिनं पाणी म्हणायच्या आत पेला ओठाला. तिच्या मनात उठायचं आलं की माझे हात तिच्या काखेत, एक, दोन, वर! आमच्या धंद्यात तीन म्हणत नाहीत, तीनपर्यंत माणूस विचार करायला लागतो. ती म्हणायची, ‘अहो, निदान विचारा तरी.’ मी म्हणायचो, अगं, कपाटाला विचारतो का मी? …हां, बोलून गेलो. आता तुम्ही माझ्याकडे जसं बघताय ना, तशीच ती बघायची.

आणि मग तो दिवस आला. वर्ष होऊन गेलं होतं. औषधं संपली म्हणून गेलो, दुकानात ही गर्दी, परत यायला उशीर झाला, किल्ली फिरवली, दार उघडलं तर ही जमिनीवर. भिंतीला लागून, एका कुशीवर, हातात कोपऱ्याचं ब्लँकेट घट्ट धरलेलं. पाऊण तास पडून होती. मला वाटलं, बिचारीला थंडी वाजली म्हणून ब्लँकेट ओढून घेतलं असेल. पण हाड मोडलं नव्हतं, डोकं सुखरूप होतं, आपटायला मी काही ठेवलंच नव्हतं ना! म्हटलं, बघ, माझ्यामुळे वाचलीस. त्यावर ती काही बोलली नाही. आता, जिची जीभ शाबूत आहे ती बाई गप्प बसते तेव्हा नवऱ्यानं समजून घ्यावं की नाही? मी नाही घेतलं. मी काय केलं, तर काम बंद केलं, टेम्पो धाकट्या भावाकडे दिला आणि घरात ठाण मांडलं. नऊ महिने. ती आंघोळीला गेली तर मी दाराबाहेर, ती झोपली तर मी उशाशी. परत पडू द्यायची नाही, एवढं एकच डोक्यात.

अशात लेकीचा फोन. ‘बाबा, आईचं नाव योगाच्या वर्गात घातलंय. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा वाजता.’ मी म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? योग म्हणजे पाय उचलून मानेमागे, आणि तुझ्या आईला चप्पल घालायला दहा मिनिटं लागतात. ती म्हणाली, ‘बाबा, खुर्चीवर बसून करायचा योग आहे. तिथे सगळे आईसारखेच येतात.’ मी म्हटलं, खुर्चीवर मीही दिवसभर बसलेला असतो, मला कुणी योगी म्हणत नाही. तर आतून ही ओरडली, ‘तिला सांगा, मी जाणार आहे.’ झालं, निकाल लागला.

वर्ग भरतो वाचनालयाच्या तळमजल्यावर. लांबट खोली, गुळगुळीत फरशी, आत पाऊल टाकलं आणि धंद्याच्या सवयीनं आधी दाराची रुंदी मोजली नजरेनं. चौदा खुर्च्या, बिनहाताच्या, पाठी भिंतीला चिकटवून ठेवलेल्या, म्हणजे सरकू नयेत. कोपऱ्यात पट्टे, जाड ब्लँकेटं, लाकडाच्या विटा. म्हटलं, अरे, हे तर आमचंच सामान, इथे कुणाचं बिऱ्हाड हलवायचंय? तेवढ्यात शिकवणारी आली. पंचविशीची पोरगी, हसतमुख, ‘या काकू, बसा,’ म्हणाली, स्वतः खुर्चीवर बसली, पायजम्याची बाजू वर केली, कुठलासा खटका दाबला… आणि पाय काढला. पाय! गुडघ्याखालचा, बुटासकट. काढला आणि आपण छत्री ठेवतो तसा भिंतीला टेकवून ठेवला. तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. सांगा ना, धक्का बसेल की नाही माणसाला? आणि माझं मन किती नतद्रष्ट बघा, पहिला विचार काय आला, तर असा उभा ठेवला तर घसरेल, हा आडवा ठेवायला हवा.

मी हिला खुर्चीत बसवायला पुढे झालो. काखेत हात घालतोय, एक, दोन… तर ती पोरगी म्हणते, ‘काका, तुमची जागा तिकडे.’ मागे भिंतीला एक बाकडं. वर पाटी, ‘सोबत्यांनी हात मांडीखाली ठेवावेत.’ मला वाटलं, कुणी गंमत केली असेल. बघतो तर बाकड्यावर एक बाप, एक आई, एक सून, तिघंही तळहातांवर बसलेली, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखी. मी म्हटलं, अगं पण ती पडली तर? ‘मी आहे ना.’ अगं पण तुला… पुढचं मी गिळलं, पण माझी नजर गेलीच त्या भिंतीकडच्या पायाकडे. ती हसली, म्हणाली, ‘काका, काकूंनी हाक मारली तर या. न बोलावता यायचं नाही. इथे विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावत नाही, मीसुद्धा नाही.’ आणि वळून हिला विचारते कशी, ‘काकू, तुमच्या कोपराला हात लावू का?’ आमच्या हिनं आधी माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन श्वास बघितलं. मग म्हणाली, ‘लाव. विचारलंस म्हणून लाव.’

बसलो मी हातांवर. तासभर! पाच मिनिटांत मुंग्या, दहा मिनिटांत बोटं बधिर, शेवटी शेवटी तर हात माझेच आहेत का बाकड्याचे, तेही कळेना.

आणि समोर काय चाललेलं? एक होते घड्याळवाले आजोबा, सारी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली, आता दोन्ही हातांना कंप. हात वर करा म्हटलं की ते हात असे लटलट लटलट. ती म्हणते, ‘थरथरू देत आजोबा, थरथरतच वर न्या.’ आजोबा म्हणतात, ‘मिनिटाला किती होतात ते मोजून सांगू?’ सगळे हसले, आजोबांसकट. आमच्या बाकड्याशेजारी चाकाच्या खुर्चीत एक मुलगी, बँकेत कॅशिअर, तिचे पाय लहानपणापासूनच हलत नाहीत, तर ती नुसत्या खांद्यांनी आणि श्वासानं सगळं करत होती, डोळे मिटून, अगदी शांत. आमच्या हिला पट्टा दिला, डाव्या हातानं धरायचा, उजव्या हाताभोवती गुंडाळायचा आणि डाव्यानं उजव्याला वर न्यायचं. गेला! खांद्यापर्यंत गेला. मी तोच हात रोज दोन वेळा वर करून व्यायाम करून घेत होतो, पण तो मी उचलत होतो, हे मला तिथे बसून कळलं.

ती पोरगी म्हणाली, ‘आसन माणसाच्या मापाचं करायचं. माणसाला आसनात कोंबायचं नाही.’ हे मात्र मला पटलं, तुम्हाला सांगतो. कपाट दारातून जात नसेल तर आम्ही कपाट कापत नाही, दार काढतो. म्हटलं, पोरगी धंद्यातली दिसते. तेवढ्यात ती म्हणते, ‘सोबत्यांनीही आता हात सोडून वर करून बघा.’ मी केले. कानाच्या खाली, इथे अडकले. पियानो उचललेले खांदे! ‘काका,’ म्हणाली, ‘तुमच्यापेक्षा काकूंचा डावा खांदा मोकळा आहे.’ आणि आमची ही, जी दोन वर्षांत मोजून चार वेळा हसली असेल, ती फस्सकन हसली.

असं दोन आठवडे चाललं. मी म्हटलं, ठीक आहे, खुर्चीवर बसून हात हलवतायत, हलवू देत. तिसऱ्या मंगळवारी ती पोरगी म्हणते, ‘आज आपण जमिनीवर जायचं. जायचं, थोडं पडून राहायचं आणि आपलं आपण उठायचं.’

मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, अजिबात नाही. नऊ महिने मी श्वास रोखून बसलोय की ही जमिनीवर जाऊ नये, आणि तुम्ही हिला मुद्दाम पाडताय? ती काही बोलायच्या आत हीच म्हणाली, शाळेतल्या आवाजात, ‘बसा तुम्ही.’ बसलो. पन्नास पोरं बसायची, मी कोण?

समोर एक खुर्ची ठेवली. डावा हात खुर्चीवर, उजवा गुडघा ब्लँकेटवर, मग कमरेची ती बाजू, मग कोपर… सावकाश, सावकाश, आणि गेली खाली. आडवी. बाकीचेही कुणी निम्मे, कुणी पूर्ण, जमेल तसे खाली. आणि सगळे आडवे असताना ती पोरगी विचारते, ‘समजा घरी पडलात, तर उठायला आधी काय धराल? आठवून सांगा.’ आजोबा म्हणाले, पलंगाचा पाय. आणखी कुणी म्हणालं सोफा, कुणी म्हणालं जड टेबल. हिची पाळी आली.

ही म्हणाली, ‘काही नाही.’

‘काही नाही म्हणजे, काकू?’

‘आमच्या घरात धरायला काही नाहीये. सगळं यांनी हलवलंय. त्या दिवशी मी खोलीच्या मधोमध पडले. भिंतीपर्यंत सरकत गेले. भिंतीला काय धरणार? कोपऱ्याला ब्लँकेट बांधलेलं होतं, ते धरून उठायला गेले, तर ते सुटून हातात आलं.’ अशा सुरात सांगितलं, जसं मुलांना सांगायची, ही नदी इथून निघते आणि तिथे मिळते.

मला वाटलं होतं थंडी वाजली! नऊ महिने मला वाटत होतं, की मी खोली रिकामी केली म्हणून ती वाचली. अहो, पडली असती तर सोफा धरून पाच मिनिटांत उठली असती ती. पाऊण तास तिला जमिनीवर मी ठेवलं. मी, जो छत्तीस वर्षं लोकांना सांगतोय की काळजी करू नका, तुमच्या सामानाला ओरखडा येणार नाही. पळत जाऊन तिला उचलावं आणि माफी मागावी, एवढंच सुचलं. निघालोही. तर त्या कॅशिअरनं काय करावं? चाकाची खुर्ची वळवून बरोब्बर माझ्यासमोर आडवी लावली. हळूच म्हणाली, ‘काका, तुम्हाला हाक मारली नाहीये.’

परत बसलो. परत हात मांडीखाली.

आणि हिचं उठणं सुरू झालं. डाव्या कुशीवर वळली. कोपरावर आली. बसली. दम खाल्ला. गुडघ्यांवर यायला गेली आणि उजवा गुडघा सरकला, परत खाली. मी दात आवळले. परत कोपर, परत बसली, परत गुडघे, डावा हात खुर्चीवर… आणि तिनं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता मारणार हाक, मारच, मी काय उडी मारून येतो. तर म्हणते, ‘अहो, डोळे मिटा जरा. तुमच्या तोंडाकडे बघून मला जमत नाहीये.’

मिटले. काय करतो? नुसतं ऐकत बसलो. खुर्ची करकरली. धाप ऐकू आली. ती पोरगी हळू म्हणाली, ‘डावा पाय पुढे, काकू, घाई नाही.’ मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग घड्याळवाले आजोबा म्हणाले, ‘उठल्या. नऊ मिनिटं वीस सेकंद.’ डोळे उघडतो तर ही उभी! सगळ्यांनी बघितलं, आजोबांनी बघितलं, बाकड्यावरच्या परक्या सुनेनं बघितलं, आणि ज्यानं दोन वर्षं वाट बघितली त्यानं तो क्षण डोळे मिटून घालवला. आता मला सांगा, धक्का बसेल की नाही माणसाला?

घरी येताना गाडीत तीच बोलली. म्हणाली, ‘मला पडायची भीती नव्हती हो कधी. त्या दिवशी दार उघडल्यावर तुमचं तोंड जे झालं होतं ना, ते परत बघायची भीती वाटते मला.’ मी तोंड खिडकीकडे वळवलं. परत तसंच झालं असणार ते.

त्याच दुपारी भावाला फोन केला, टेम्पो घेऊन ये म्हटलं. सगळं सामान परत. सोफा, मांडणी, टीपॉय, हिची खुर्ची. आणि मुकादम कोण? ही! दारात काठी टेकून उभी, ‘सोफा तिकडे नको, मला हात पोचायला हवा. मांडणी हलतेय, भिंतीत ठोका. टीपॉय हलकं आहे, ते काही कामाचं नाही.’ मला वाटलं, झालं, संपलं. कुठलं! दुसऱ्या दिवशी म्हणते, ‘आता मी जरा इथे पडून बघते.’ आणि पडली की हो! मुद्दाम! आज बाहेरच्या खोलीत, उद्या स्वयंपाकघरात, परवा पलंगाशेजारी, घरभर पडत सुटली बाई. आठ मिनिटं, सात मिनिटं, साडेसहा… आणि मी सोफ्यावर, हात मांडीखाली. माझ्याच घरात!

मग एक दिवस मलाच घराबाहेर काढलं. ‘कामावर जा आता. मला थोडा वेळ घर माझं माझं हवंय.’ मी म्हटलं, माझी अडचण होते का तुला? म्हणाली, ‘हो.’ जीभ शाबूत आहे, सांगितलं ना मघाशी.

तर जातो हल्ली कामावर, दुपारपर्यंत. दार उघडताना अजून हात थांबतो किल्लीवर, ते काही लपवत नाही तुमच्यापासून. परवा बुधवारी असाच घरी आलो, तर टेबलावर एक कागद. ‘वाचा आणि खाली सही करा,’ म्हणते. ती पोरगी नवीन वर्ग काढतेय, गुरुवारचा, फक्त सोबत्यांसाठी. बाकड्यावरच्या लोकांसाठी! अर्ज भरून तयार. वर माझं नाव… आणि मी बघतच राहिलो. अक्षरं ही एवढी मोठी, वाकडी, ओळ सोडून डोंगर चढायला निघालेली. पेन मुठीत धरून लिहिलेलं, उजव्या हातानं. अर्धा दिवस गेला असणार त्यात. वेलांट्या मात्र तिच्याच, फळ्यावर काढायची तशा.

खाली वाचलं. ‘त्रास काय होतो?’ पुढे लिहिलंय, ‘दुसऱ्याला धडपडू देत नाहीत.’ त्याच्याखाली, ‘त्रास कधीपासून आहे?’ पुढे, ‘लग्नापासून.’

मी म्हटलं, हे खोड. चार लोक वाचतील. ती म्हणाली, ‘पेनानं लिहिलंय.’

केली सही. करतो काय? दोन वर्षांनी तिनं काही लिहिलं होतं, त्यात चुका कुठे काढायच्या?